कन्हानच्या वाळूत चार वेळा आडवा झालो, जैसलमेरला जाऊ की नको?

महालवाला_४११:
नमस्कार मंडळी. वय ४६, राहायला नागपूरच्या महाल भागात, इतवारीत भांड्यांचं दुकान. मागच्या वर्षी जुनी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ मोटारसायकल घेतली. डांबरी रस्त्यावर काही अडचण नाही, लोणार झालं, पचमढी झाली. आता जानेवारीत जैसलमेरला वाळूत गाडी चालवायचं दोन दिवसांचं शिबिर आहे आणि मी पैसे भरून बसलो आहे. जाण्याआधी थोडी सवय करावी म्हणून रविवारी सकाळी कन्हान नदीच्या पात्रात उतरलो.

चाळीस पावलांत चार वेळा पडलो. १९९ किलोची गाडी पहिल्यांदा जोशात उचलली, चौथ्यांदा म्हशी घेऊन आलेल्या पोराला हाक मारावी लागली. तो म्हणतो, "काका, रस्ता तिकडून आहे ना."

होतं असं की, पहिल्या गिअरवर निघतो, थोडं बरं जातं, मग हँडल डावी-उजवीकडे नाचायला लागतं. मी घाबरून रेस सोडतो आणि पुढचं चाक नांगराच्या फाळासारखं रुततं. एकदा उलट जोरात रेस दिली, तर मागच्या चाकानं जागच्या जागी खड्डा खणला आणि क्लचचा जळका वास सुटला. कोणीतरी सांगितलं म्हणून टायरची हवा १० पीएसआयपर्यंत उतरवली होती. घरी येऊन पाहतो तर मागच्या चाकाचा व्हॉल्व तिरपा. हे काय झालं? आणि कन्हानची वाळू नि तिकडची वाळू सारखीच असते का? बायको म्हणते, पैसे गेले तर गेले, हाडं राहू द्या.

काटोलकर_सध्या_जैसलमेर:
दादा, हँडल नाचून राहिलं म्हणजे गाडी बरोबर चालून राहिली, हे आधी डोक्यात घाला. पुढचं चाक वाळूत आपली वाट शोधतं, त्याला शोधू द्यायचं. फुटरेस्टवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, अंग जरा मागं, हात ढिले. रेस सोडली की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणूनच ते रुततं. निघाल्यावर लगेच दुसऱ्यावर जा आणि नजर वीस-पंचवीस पावलं पुढं ठेवा. पुढच्या ब्रेकला तर हातच लावू नका.

वाळू सारखी नाही. कन्हानची जाड, भरड. इथली बारीक, वाऱ्यानं चाळलेली. धोऱ्याची (इथं टेकडीला धोरा म्हणतात) वाऱ्याकडची बाजू बरीच घट्ट असते, पलीकडची एकदम ताठ आणि भुसभुशीत. माथ्यावरून पलीकडचं दिसत नाही, म्हणून सरळ उडी घ्यायची नाही, माथ्याच्या आधी तिरकं वळून बघायचं. सकाळी लवकर वाळू घट्ट लागते, दुपारी तीच पीठ होते. आणि शिबिरवाल्यांना जागा नक्की विचारा. सम आणि खुडीच्या बाजूला डेझर्ट नॅशनल पार्क आहे, आपल्या वरोऱ्याकडे दिसायचा त्या माळढोकाचं घर. तिथं गाडी घालायची नाही.

गणेशपेठ_गॅरेज:
व्हॉल्वचं सांगतो. तुमच्या गाडीला ट्यूब आहे. १० वर हवा म्हणजे टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढतो, व्हॉल्व तिरपा होतो. अजून थोडं चालवलं असतं तर मुळातून फाटला असता. पूर्ण हवा काढून टायर सरळ करून घ्या. वाळूत १५ ते १८ ठेवा, डांबरावर येताच परत भरा, पंप सोबत पाहिजेच. वास आला म्हणजे क्लच प्लेट तपासा, जैसलमेरला जाऊन नका तपासू.

धरमपेठची_ताई:
मी स्वतः पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले होते, त्यामुळे चारचं काही सांगू नका. चाक रुतलं की रेस देणं बंद. उतरा, गाडी खड्ड्याच्या बाजूला आडवी करा, पायानं खड्डा बुजवा, मग उभी करा. आणि साइड स्टँडखाली काहीतरी सपाट ठेवा, नाहीतर चहा पिताना गाडी आपोआप झोपते. गुडघ्याचे पॅड घेतलेत ना?

महालवाला_४११:
पॅड घेतले. प्लेट तपासली, अर्धी जळाली होती, बदलली. हवा १६ ठेवून काल परत गेलो. रेस न सोडणं बोलायला सोपं आहे. हँडल हललं की मनगट आपोआप मागं वळतं. शेवटी तोंडानं मोठ्यानं "सोडू नको, सोडू नको" म्हणत चालवली. म्हशीवालं पोरगं तिथंच होतं, त्यानं पावलं मोजली: एकशे दहा, पडणं एकदा. तेही वळताना.

ताई, स्टँडखाली दुकानातली स्टीलची ताटली ठेवून पाहिली, मधोमध वाकली. आता बिनदांड्याचा लोखंडी तवा काढून ठेवला आहे. बायकोनं विचारलं, तिकडे पोळ्या करणार का.