राजगड–तोरणा–रायगड: शेवटच्या उतारासाठी मदत हवी आहे

राजगड, तोरणा, हरपूड करत आज घाटमाथ्यावरच्या मोहरी गावात पोचलो. तिघे आहोत. रायगड आता हाकेच्या अंतरावर वाटतोय, पण तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरल्यापासून माझा डावा गुडघा धरलाय. चढाला त्रास नाही. उताराला मोठी पायरी आली की कळ थेट मांडीत जाते. क्रेप बँडेज बांधलंय, काठी आहे, सॅकमधलं वजन दोघांनी वाटून घेतलंय. बोराट्याच्या नाळेतले (नाळ म्हणजे कोकणात उतरणारी दगडी घळ) धोंडे आणि लिंगाणा सुळक्याच्या खिंडीकडची कड्यालगतची आडवी वाट नकोच, दोरही नाही. म्हणून पहाटे सिंगापूर नाळेने खालच्या दापोली गावात (रत्नागिरीतलं नव्हे, रायगडाजवळचं) उतरायचं ठरतंय. अगदीच नाही जमलं तर गाडीने वळसा घालू, पण रायगड पायीच गाठायची फार इच्छा आहे.

फेब्रुवारीअखेर त्या नाळेत पाणी मिळतं का? आणि अशा गुडघ्याने दापोलीपर्यंत किती तास धरावेत?