मदत हवी आहे: गुडघे अधू असलेल्या आईला मार्कंड्याला अस्थी विसर्जनासाठी कसं न्यायचं?

आमचं गाव मूल तालुक्यात. गेल्या आठवड्यात बाबा घरीच वारले. तेरवीच्या आधी अस्थी मार्कंड्याला (तालुका चामोर्शी) न्यायच्या आहेत. तिथे वैनगंगा उत्तरवाहिनी आहे आणि बाबांची तीच इच्छा होती, म्हणून दुसरं ठिकाण कृपया सुचवू नका.

आईला सोबत यायचंच आहे. दोन्ही गुडघे गेलेत, वाळूत चालणं जमत नाही. मोठे काका म्हणतात, बायकांनी जायचं नसते. त्यांना मी समजावीन, तो प्रश्न नाही. बाबा गेल्यापासून आई धड जेवत नाही की बोलत नाही. एवढी एकच गोष्ट तिने स्वतःहून मागितली, तर तिला घरी ठेवून जाणं मला पटत नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती ग्रामपंचायतीत झाली. गाडीही ठरली. गावात विचारलं, पण सगळे महाशिवरात्रीच्या जत्रेतच गेलेले. गर्दीशिवाय कोणाला काही आठवत नाही.

एरवीच्या दिवशी गाडी नदीच्या किती जवळ जाते? खुर्चीवर बसवून दोघांनी उचलून पाण्यापर्यंत नेता येईल का? आणि विधी करणारे महाराज तिथे रोज भेटतात, की गावातूनच न्यावे लागतील?