सांगलीतली ओपन सोर्स परिषद: वक्त्यांना बोलवायचं, की त्यांनी फॉर्म भरून यायचं?

कृष्णाकाठ:
विश्रामबागला एका कॉलेजात एक दिवसाची ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरची) परिषद घ्यायचं घाटतंय. आयोजकांपैकी एकाने काल लिहिलं की आम्ही कुणालाही आमंत्रण देणार नाही, गुगल फॉर्म उघडा आहे, बोलायचं असेल त्याने इंग्रजीत तीनशे शब्दांचा सारांश भरावा. प्रवासखर्च नाही, कारण "ओपन सोर्स स्वयंसेवेवरच चालतं". गप्प बसणार होतो, पण हे शेवटचं वाक्य डोक्यात गेलं.

फॉर्म भरतो कोण? ज्याने आधी चार भरलेत तो. पुण्यात-बंगळुरात कंपनीत असलं की शेजारचाच सांगतो, "सीएफपी (वक्त्यांकडून अर्ज मागवणं) उघडलाय, टाक की." तिकिटाचं मॅनेजर बघतो. आता जत तालुक्यातले झेडपी शाळेचे एक गुरुजी माझ्या ओळखीचे आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. शाळेतली यंत्रं विंडोज ११ ला चालेनात, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, प्रोसेसर जुना. कुणी म्हणालं भंगारात द्या. गुरुजींनी २ जीबी रॅमवर डेबियन हे फुकटचं लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप चढवला, पोरांना लिबरऑफिसात इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाईप करायला लावलं. फायरफॉक्सचे चार टॅब उघडले की यंत्र आचके देतं, म्हणून त्यांनी फळ्यावरच लिहून ठेवलंय: "एका वेळी एकच टॅब". या माणसाकडे "अ‍ॅब्स्ट्रॅक्ट" मागा, तो म्हणेल हे आपलं काम नव्हे. तेच फोन करून म्हणा, "गुरुजी, त्या लॅबचं वीस मिनिटं सांगा, मराठीतच सांगा, येण्याजाण्याचं आम्ही बघतो." मग येतील.

टर्मिनल_दादा:
ती पोस्ट माझीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

बोलावण्याने काय होतं ते ऐका. बोलावणारा ओळखीतल्यालाच बोलावतो. माजी विद्यार्थी, मग त्याचा बॉस, मग बॉसचा मित्र. तो येऊन "डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन"वर बोलणार, शेवटच्या स्लाइडवर भरतीचा क्यूआर कोड. एक पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवलेला नसतो कुठल्या प्रोजेक्टला. फॉर्म असला की नावं झाकून पहिली चाळणी लावता येते. तुमचे गुरुजी थोर असतील, पण उद्या प्रत्येकाचे एकेक गुरुजी निघतील, त्यातले कुठले घ्यायचे? आणि खर्चाचं म्हणाल तर पायकॉन यूएसला, म्हणजे पायथन भाषेच्या अमेरिकेतल्या परिषदेला, वक्त्यांनाही स्वतःचं प्रवेशाचं तिकीट काढावं लागतं. तिथं कुणी रडत नाही.

वैतागलेली_टेस्टर:
दादा, अर्धंच सांगितलंत. पायकॉन यूएस सगळ्यांकडून पैसे घेते, बरोबर. पण ज्याला परवडत नाही त्याला आर्थिक मदतही देते, वक्त्यालासुद्धा. डेबियनवाल्यांची परिषद डेबकॉन २०२३ साली कोचीत झाली, तिथेही बर्सरी (खर्चाची मदत) होती. तुम्ही त्यातलं सोयीचं तेवढं उचललंत.

आणि "स्वयंसेवेवर चालतं" म्हणणाऱ्यांनी २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवावं. एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं, लिनक्समध्ये सगळीकडे वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. ते सांभाळणारा थकलेला एकटा मेंटेनर, मदतीच्या नावाखाली आलेल्या कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि मागचं दार बसवून दिलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून वाचलो. फुकट राबवून घेण्याला तत्त्वज्ञान म्हणायचं थांबवा.

बिनगुगलचा:
ओपन सोर्स परिषद, आणि अर्ज गुगल फॉर्मवर. प्रीटॉक्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. बाकी चालू द्या.

फॉन्टग्रस्त:
त्या परिषदेचं पत्रक कुणी बघितलं का? श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात टाईप केलेलं. पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की नुसती अगम्य अक्षरं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच प्रमाण संकेतप्रणाली, तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची, त्यात देवनागरी होती. लिनक्सही १९९१ चंच. आधी पत्रक सुधारा, मग वक्ते.

टर्मिनल_दादा:
@फॉन्टग्रस्त, पत्रक डीटीपीवाल्याने केलंय. प्रत्येक विषयात फॉन्ट आणायलाच पाहिजे का?

मिरज_जंक्शन:
बोलवा नाहीतर फॉर्म घ्या, वक्त्याला बोलू देताय का ते आधी सांगा. आपल्याच भागातल्या एका कॉलेजात मला गिटवर (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) बोलायला बोलावलं होतं. वेळ चाळीस मिनिटं. आधी दीपप्रज्वलन, काडीपेटी सापडंना. मग स्वागतगीत. मग प्रमुख पाहुणे, त्यांचा परिचय, परिचय देणाऱ्याचा परिचय. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, पुन्हा फोटोला उभं राहा. माझ्या लॅपटॉपला टाईप-सी, त्यांच्या प्रोजेक्टरला व्हीजीए. अ‍ॅडॉप्टर कुणाकडंच नाही, पण शाली बारा हजर. शेवटी बारा मिनिटं उरली लगा. रिबेससारखं पुढचं राहिलंच, कमिट या पहिल्या धड्यावरच आटोपलं.

खण_भाग:
हसू नका, पण हॉल फुकट मिळतो तो या सत्कारामुळंच. संस्थेच्या अध्यक्षांना दहा मिनिटं दिली की हॉल, साउंड, जनरेटर आणि दुपारचं जेवण मिळतं. भाड्याने घ्यायला जा, मग कळेल. मी असे कार्यक्रम उभे केलेत, नुसतं बोलून आलेलो नाही.

मिरज_जंक्शन:
दहा मिनिटं म्हणे! तुमची दहा मिनिटं तासभर चालतात, सगळ्या जिल्ह्याला माहिती आहे.

खण_भाग:
मिरजकरांना सांगलीचं काय पटलंय आजवर? तुमच्याकडं घ्या की परिषद. जंक्शन आहे, कोयना थांबते, महालक्ष्मी थांबते. वक्ते आपोआप उतरतील.

मिरज_जंक्शन:
घेऊ. आणि शाल कुणालाच देणार नाही.

खण_भाग:
मग जेवण पण घरूनच आणा.

वैतागलेली_टेस्टर:
दोघांचं झालं असेल तर एक विचारते. अध्यक्षांना बोलू द्या, नाही कोण म्हणतंय? जेवणाच्या आधी पाच मिनिटं बोलू द्या, पोरं भुकेली असली की तेही आवरतात. पण शाली आणि ट्रॉफ्यांचं बजेट कार्यक्रम ठरायच्या आधी मंजूर होतं, आणि जतच्या एसटीचं भाडं निघालं की लगेच "तत्त्वात बसत नाही". हे कुठलं तत्त्व? आणखी एक. तुमच्या नावं झाकलेल्या चाळणीत इंग्रजी झाकलेलं नसतं. दोन ओळी वाचल्या की कळतं कोण कुठल्या शाळेतलं.

टर्मिनल_दादा:
इंग्रजीचं मान्य. मराठीतला सारांश चालेल, फॉर्ममध्ये आज बदल करतो. (हो, त्याच गुगल फॉर्ममध्ये. @बिनगुगलचा, प्रीटॉक्सचा सर्व्हर तुम्ही सांभाळणार असाल तर उद्या हलवतो.)

आमंत्रणाचं म्हणाल तर तीन जागा ठेवू. पण अट अशी की बोलावणाऱ्याने आधी सगळ्यांसमोर लिहायचं: या माणसाने काय केलंय आणि त्याच्याशी आपलं नातं काय. कंपनीच्या साहेबांना भाडं नाही, ते त्यांची कंपनी देईल. बाकीच्यांना एसटीचं नाहीतर रेल्वेच्या स्लीपरचं, तिकीट दाखवून. पैसे ट्रॉफ्यांतून काढू, म्हणजे मिरजकरांचाही आत्मा शांत होईल. आणि गुरुजी आले नाहीत तर ती वीस मिनिटं कृष्णाकाठ यांनी भरायची.

बिनगुगलचा:
सर्व्हरचं बघून सांगतो.

फॉन्टग्रस्त:
मराठी सारांश युनिकोडमध्येच घ्या म्हणजे झालं.

खण_भाग:
ट्रॉफी काढा, पण अध्यक्षांची शाल राहू द्या. एवढं ऐका. हॉलची चावी त्यांच्या माणसाकडं असते.

कृष्णाकाठ:
गुरुजींना फोन केला. आधी म्हणाले, "मी काय बोलणार तिथं इंजिनियर लोकांसमोर?" मग अर्धा तास एकटेच बोलत होते, वीज गेली की कुठलं यंत्र कसं बंद पडतं यावर. यायला तयार आहेत. फक्त शनिवारी सकाळची शाळा असते, रविवार असेल तर जमेल म्हणाले. परिषद रविवारीच आहे ना?

टर्मिनल_दादा:
शनिवारी. रविवारी कॉलेजला परीक्षेचं सेंटर आहे.

मिरज_जंक्शन:
मग त्यांना दुपारचा स्लॉट द्या की. सकाळी तसाही सत्कारच चालू असणार.