बीटी कापसावर बंदी मागण्याआधी

काटोलरोड: 'बीटी बियाण्याने विदर्भाचा कापूस संपवला, बंदी आणा' ही धरमपेठवासींची पोस्ट वाचली आणि डोकं तापलं. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं बी. 2002 मध्ये ते यायच्या आधी आम्ही पाठीवर पंप बांधून सायपर हे कीटकनाशक मारत होतो आणि हिरवी अळी मरत नव्हती. माझे वडील फवारून आले की रात्रभर ओकायचे. बीटीने ते थांबवलं. गुलाबी अळी परत आली ती आपल्या वागण्याने. पाकिटासोबतची बिगर-बीटी पुडी बांधाच्या कडेने लावायची होती. तिथल्या साध्या अळ्यांच्या पतंगांशी संकर झाला असता, तर अळीत बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती इतक्या लवकर पसरली नसती. गावोगावी ती पुडी फेकली. वरून मार्चपर्यंत फरदड ठेवून, म्हणजे वेचणी झाल्यावरही जुनं पीक उभं ठेवून, अळीला खायला घातलं.

धरमपेठवासी: शेतकऱ्यावर ढकललं की कंपनी मोकळी! बाकी बहुतेक देशांत बीटी सरळ वाणांत, म्हणजे घरचं बी पुन्हा पेरता येईल अशा वाणांत आलं, आपल्याकडे जवळपास सगळं संकरितात. दरसाल नवं पाकीट घ्या. पीक लांबतं, म्हणून फरदडीचा मोह. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं, दहा वर्षांच्या आत गुलाबी अळीने तेही पचवलं. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त माणसं गेली. कुठे थांबली फवारणी?

हिंगण्याची सून: ती माणसं औषधानं गेली जी, जनुकानं नाही. तुमी अळीवर भांडता, इथं निंदाले बाया भेटत नाहीत. पाऊस लागला का कापसाची पऱ्हाटी तणात बुडते. म्हणून लोक चोरबीटी लावतात, तणनाशक मारलं तरी न मरणारं बिनपरवान्याचं बी. 2019 ले अकोल्यात अकोली जहांगीरले शेतकरी संघटनेनं उघड लावली, तवा सरकारले जाग आली. द्या ना रीतसर परवानगी!

सावनेरकर: ताई, चोरबीटीचं कौतुक नको. माझ्या भावाने आणली, निम्मी उगवलीच नाही. बिल नाही, तर तक्रार कोणाकडे करणार? आणि तिच्यावर मारतात ते ग्लायफोसेट तणनाशक शेजारच्या तुरीवर उडालं की तूर जळते. आमची जळली.

हिंगण्याची सून: बिल नाही कारण परवानगी नाही, हेच तर सांगून रायली! तुमच्या घरी निंदाले कोण जाते? बाईच ना? वाकून वाकून माह्या सासूची कंबर गेली.

धरमपेठवासी: परवानगी दिली की ग्लायफोसेट दुप्पट खपेल. निंदणाच्या मजुरीवर जगणाऱ्या बायांनी मग काय करायचं?

हिंगण्याची सून: त्या बायांत मी होती भाऊ. मले नका शिकवू.

काटोलरोड: मूळ मुद्दा राहिला. सरळ वाणांत बीटी यायला हवं होतं, हे धरमपेठवासींचं बरोबर आहे, नाइलाजाने मानतो. पण मग मागणी तीच करा. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथून कमी दिवसांचं, घरचं बी ठेवता येईल असं बीटी वाण प्रत्येक तालुक्यात पोचवा म्हणा. बंदी कशाला?

धरमपेठवासी: कापसापुरतं ठीक. बीटी वांग्याचं नाव काढू नका. 2010 मध्ये नागपुरातल्या जनसुनावणीत मी विरोधात बोललो होतो, आजही बोलेन.

सावनेरकर: आणि बीटी कापसाच्या सरकीचं तेल इतकी वर्षं कोण खातंय?