उत्तर: तंजावर एका दिवसात

तंजावर एका दिवसात बघायचं तर दुपारी बृहदीश्वराचं देऊळ आणि संध्याकाळी राजवाडा असा क्रम तुम्हाला कुणी सुचवला असेल, तर तो उलटा करा. भर दुपारी गाभारा बंद असतो. शिवाय चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि तापलेल्या फरशीवर चटके बसतात, त्यामुळे सोबत जाड मोजे असू द्या. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून समोरून फोटो हवे असतील तर सकाळीच जा.

विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं उंच शिखर, बघून बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही मात्र नैर्ऋत्येकडच्या ओवरीत जाच. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास तिथल्या भिंतीवर आहे, चक्क मराठीत! अक्षरं लहान आहेत, टॉर्च तिरपा धरला की नीट लागतात.

राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय दुपारच्या उन्हासाठी ठेवा.