'मिसेस डॅलोवे'मधील मने : किती खोल आणि कोणाकोणाची?

मूळ धागा

पात्रांचे अंतर्विश्व दाखवणारी आधुनिकतावादी कादंबरी म्हटली की व्हर्जिनिया वूल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे'चे (१९२५) नाव हमखास निघते. माझ्या मते तिचे खरे यश एकाच गोष्टीकडे पाहणारी अनेक मने शेजारी-शेजारी आणून ठेवण्यात आहे. लंडनच्या आकाशात जाहिरातीचे विमान धुराने अक्षरे काढते, तो प्रसंग पाहावा. खालच्या गर्दीत एका बाईला 'ग्लॅक्सो' दिसते, दुसरीला 'क्रीमो', एका गृहस्थांना टॉफी. आणि महायुद्धातून खचून परतलेल्या सेप्टिमसला मात्र कोणीतरी आपल्यालाच खुणावत आहे असे वाटून त्याचे डोळे भरून येतात. लेखिका यांपैकी कोणालाही चूक ठरवत नाही. सेप्टिमसचा भ्रम इतरांच्या किरकोळ तर्कांच्या पंक्तीला बसतो, आणि म्हणूनच वाचकाला तो बाहेरून न्याहाळावा लागत नाही.

प्रतिसाद १

प्रसंग विलक्षण आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. मने अनेक असली तरी त्यांची भाषा एकच आहे. जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस'मध्ये (१९२२) लिओपोल्ड ब्लूमचे विचार तुटक वाक्यांतून, हिशेब आणि जाहिराती यांच्यात अडखळत चालतात, तर शेवटच्या प्रकरणात त्याची बायको मॉली हिचे मन जवळजवळ विरामचिन्हांशिवाय वाहत जाते. नावे झाकली तरी माणूस ओळखू येतो. वूल्फ यांच्याकडे क्लॅरिसा (म्हणजेच मिसेस डॅलोवे), तिचा जुना मित्र पीटर वॉल्श आणि सेप्टिमस यांची वाक्ये एकाच लयीत घडवलेली आहेत. मोलकरीण ल्यूसीचे काय, हाही प्रश्न उरतोच. क्लॅरिसाच्या संध्याकाळच्या मेजवानीसाठी दिवाणखाना सजवताना तिच्या मनात मालकिणीचे कौतुक दाटून येते; जिच्या राबण्यावर ती मेजवानी उभी आहे, तिच्या मनाला स्वतःचे असे फारसे काही दिलेलेच नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

ल्यूसीबाबतचा आक्षेप मी मान्य करतो. पण त्याच घरातली स्वयंपाकीण मिसेस वॉकर आठवा. वर खुद्द पंतप्रधान आले आहेत आणि खाली भांड्यांच्या गराड्यात तिला एक पंतप्रधान कमी काय अन् जास्त काय, याने तसूभरही फरक पडत नाही. सामन मासा नेहमीप्रमाणे कच्चा राहिला, कारण पुडिंगच्या धास्तीने तिने तो जेनीवर सोपवला होता, ही तिची खरी चिंता आहे. हे मन मालकिणीचे मिंधे नाही. भाषेबद्दल म्हणाल, तर हे स्वगत नसून तृतीयपुरुषी निवेदन आहे, जे एका वाक्यातून दुसऱ्याच्या मनात उतरते. प्रत्येकाला वेगळी बोली दिली असती, तर तो ओघच प्रत्येक वळणावर तुटला असता.

प्रतिसाद २

मराठीत मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' या कादंबरीपासून (१९४२) संज्ञाप्रवाहाची, म्हणजे मनातले विचार जसे येतील तसे मांडण्याच्या तंत्राची, चर्चा होत आली आहे आणि तिच्यात मनाच्या विस्कळीतपणावरच भर राहतो; मनामनांतून वाहणारा ओघ दुर्लक्षित राहतो, म्हणून भाषेच्या मुद्द्यावर मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. परंतु 'लेखिका कोणालाही चूक ठरवत नाही' हे विधान टिकत नाही. सेप्टिमसला तपासणारे सर विल्यम ब्रॅडशॉ येताच निवेदनाचा सूर पालटतो. 'प्रमाणबद्धता' हे ज्यांचे दैवत, त्या डॉक्टरांवर लेखिका पात्रांची मने बाजूला ठेवून उघडउघड तुटून पडते. तो भाग एखाद्या आरोपपत्रासारखा वाचावा लागतो. माझ्या दृष्टीने हा दोष नाही. सेप्टिमसच्या मनात कितीही खोल उतरले, तरी त्याला चिरडणारी सत्ता तिथून पुरती दिसत नाही, कारण त्याला ती फक्त भीतीच्या रूपात जाणवते. सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो आणि ती बातमी ब्रॅडशॉ दांपत्याकडूनच क्लॅरिसाच्या मेजवानीत पोहोचते. एकटी बाजूच्या खोलीत जाऊन ती त्याचे पडणे कल्पनेने अनुभवते आणि ब्रॅडशॉंसारखी माणसे जगणे असह्य करून सोडत असावीत, इतपत तिला उमगतेही. पण त्या दुपारी नेमके काय घडले, हे तिला कधीच कळत नाही. ते ठाऊक असते फक्त वाचकाला, आणि तेही निवेदकाने मधेच थांबून पक्ष घेतला होता म्हणून.