विषय: क्रीमवाला फळांचा सोडा – दूध फाटू नये म्हणून काय करावं?

प्रेषक: खानपान समिती

नमस्कार मंडळी,

संमेलनात या वेळी सरबताऐवजी फळांचा क्रीमवाला सोडा ठेवावा, अशी मुलांची मागणी आहे. घरी करून पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे: स्ट्रॉबेरीच्या सिरपमध्ये सोडा आणि दूध घातलं की दोन मिनिटांत वर बारीक गुठळ्या तरंगायला लागतात. चव बिघडत नाही, पण ग्लास समोर ठेवायला नको वाटतं. कुणाकडे खात्रीची कृती असेल तर प्रमाणासकट कळवा.

---

प्रेषक: माजी खजिनदार काकू

सगळ्यांना नमस्कार,

मला हे पेय फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दूध का फाटतं ते बघू. दुधातलं केसीन हे प्रथिन ४.६ पीएचच्या आसपास एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतं (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). साध्या सोड्याचा पीएच ४ च्या आसपास असतो आणि स्ट्रॉबेरी, रासबेरी त्याहूनही आंबट. म्हणजे दुधाला दोन्हीकडून आंबट गाठतं. त्यामुळे दूध घालूच नका, क्रीम घाला, तेही ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं. त्यात दुधापेक्षा प्रथिन कमी असतं आणि स्निग्धांश भरपूर असल्याने गुठळी सहज बांधली जात नाही. शिवाय ते लागतंही थोडंसंच. 'लो फॅट'च्या नादाला इथे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं म्हणजे सोड्याच्या बाटलीवरचं लेबल वाचा. क्लब सोड्यात बहुधा सोडियम बायकार्बोनेट असतं, त्यामुळे तो नुसत्या कार्बोनेटेड पाण्यापेक्षा कमी आंबट असतो. इथे तोच घ्यावा. लिंबाच्या स्वादाचं कोल्ड्रिंक नको, त्यात सायट्रिक ॲसिड असतं. टॉनिक वॉटरही नको, ते क्विनीनमुळे कडवट लागतं.

सिरप घरीच करा. बाजारच्या बऱ्याच सिरपमध्येही सायट्रिक ॲसिड घातलेलं असतं. २५० ग्रॅम फळ, १२५ ग्रॅम साखर, पाव वाटी पाणी आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. फळ मऊ पडलं की गाळा, पण चोथा चमच्याने दाबू नका, सिरप गढूळ होतं. गार झाल्यावर व्हॅनिलाचे दोन-तीन थेंब टाका. हे थेंब विसरू नका, आंबट फळ आणि क्रीम यांचा मेळ त्यांच्यामुळेच बसतो. लिंबू मात्र अजिबात पिळायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

एका ग्लासला ३० मिली सिरप, १८० मिली सोडा, ३० मिली क्रीम. ग्लास ३५० मिलीचा तरी हवा, कारण फेस वर येतो. तळाशी सिरप, त्यावर काठोकाठ नाही पण भरपूर बर्फ, मग ग्लास तिरपा धरून कडेने सोडा. हे हलक्या हाताने एकदा ढवळून घ्या. क्रीम सगळ्यात शेवटी, चमच्याच्या पाठीवरून सावकाश. ते वर तरंगतं आणि त्याच्या पांढऱ्या रेघा बर्फातून खाली उतरतात. ते बघायला मिळावं म्हणूनच मी हे पेय काचेच्या ग्लासात देते. त्यानंतर ढवळायचं काम पिणाऱ्याचं, स्ट्रॉने एक फेरा पुरे.

सगळं फ्रिजमधून काढल्यासारखं गार हवं. थंडीत गुठळ्या धरायचा वेग मंदावतो आणि सोड्यातली फसफसही टिकते: शून्य अंशाच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो. कोमट सोड्यावर बर्फ टाकून हे साधत नाही. वायू निघून जातो, आणि बर्फ वितळून सगळं पाणचट होतं.

---

प्रेषक: युवा विभाग

काकू, खूप उपयोगी माहिती दिलीत. दोन शंका आहेत. आमच्यातले काही जण दुधाचं काहीच घेत नाहीत, त्यांच्यासाठी काय करावं? आणि अननसाचा करता येईल का?

---

प्रेषक: माजी खजिनदार काकू

बाळांनो, अननस जरूर करा, पण शिजवूनच. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि क्रीम थोड्या वेळात कडू लागतं. कच्ची पपई आणि किवी यांचंही तसंच. चांगली उकळी आली की विकर निष्क्रिय होतं. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो चालेल. किवीच्या वाटेला मात्र जाऊ नका, शिजवल्यावर तिचा हिरवा रंग मळकट होतो.

दूध न घेणाऱ्यांसाठी नारळाचं घट्ट दूध उत्तम, विशेषतः अननस आणि आंब्याबरोबर. ते फ्रिजमध्ये आळून घट्ट होतं, म्हणून थोडं पाणी घालून फेटा आणि गाळून मगच ओता, नाहीतर ग्लासात स्निग्धांशाचे कण दिसतात. ओटच्या दुधात कॉफीसाठी मिळणारा बरिस्टा प्रकार घ्या. त्यात बहुधा आम्लता सांभाळणारं फॉस्फेट असतं, त्यामुळे ते सहज फाटत नाही. हे ग्लास वेगळ्या टेबलावर ठेवा आणि पाटी मोठ्या अक्षरात लावा. ॲलर्जी असलेल्यांना विचारत फिरावं लागू नये.

---

प्रेषक: खानपान समिती

काकू, मनापासून आभार. तुमच्या प्रमाणानुसार १ लिटर सिरप, १ लिटर क्रीम आणि ६ लिटर सोडा यांत साधारण ३३ ग्लास होतात. सिरप आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवू. सोडा लहान बाटल्यांतच घेऊ, म्हणजे उघडी बाटली पडून राहणार नाही. क्रीम ओतायला दोन शांत हाताची माणसं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी याच मेलला उत्तर द्यावं.